दयेचे परमिट

टेक्सास म्हटले की आपल्या कापूसवाल्याला आधी अमेरिकेचा भाव आठवतो. लबकच्या आसपासचा मुलूख पुष्कळसा आपल्यासारखाच आहे. पावसाच्या भरवशावरचा कापूस, फेरपालटाला ज्वारी. फरक एवढाच की तिकडची ज्वारी बहुतेक जनावरांच्या पोटात जाते. पण आज आम्हाला भावाविषयी लिहायचे नाही. त्या राज्यातल्या आजारी माणसाला गांजाच्या झाडापासून काढलेले औषधी तेल कायद्याने मिळवायचे, तर किती उंबरठे झिजवावे लागतात, त्याविषयी लिहायचे आहे.

या झाडातली दोन द्रव्ये महत्त्वाची. टी.एच.सी.ने नशा चढते, सी.बी.डी.ने चढत नाही. सी.बी.डी.ने काही मुलांचे फेफऱ्याचे झटके कमी होतात ही आता ऐकीव गोष्ट राहिलेली नाही. २०१८ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने शुद्ध सी.बी.डी.चे ‘एपिडायोलेक्स’ हे औषध लहानपणी जडणाऱ्या दोन चिवट प्रकारच्या फेफऱ्यांसाठी मंजूर केले. ते रामबाण नव्हे. यकृताला त्रास होऊ शकतो, दुसऱ्या औषधांशी त्याचे बिनसते, आणि बाजारात आले तेव्हा वर्षाचा खर्च सुमारे साडेबत्तीस हजार डॉलर सांगितला जात होता. पण ज्या घरात लेकराला दिवसातून वीस-वीस झटके येतात, त्या घराला दहा झटके कमी होणे म्हणजे काय, हे आम्ही सांगायला नको.

२०१३ साली डॉ. संजय गुप्ता यांनी कोलोरॅडोतल्या अशा एका मुलीची हकिकत दूरचित्रवाणीवर दाखवली आणि राज्याराज्यांतले आईबाप विधिमंडळांच्या दारात उभे राहिले. गांजाचे नाव काढताच कानावर हात ठेवणारी राज्येही त्यामुळे हलली. टेक्सासने २०१५ साली कायदा केला. नाव दिले दयेचे. पण दया कोणावर करायची? फक्त औषधांना दाद न देणारे फेफरे असणाऱ्यावर. आधी दोन औषधे पुरत्या मात्रेत देऊन ती हरली पाहिजेत. एका तज्ज्ञाने लिहून दिले तर दुसऱ्या तज्ज्ञाने मान डोलावली पाहिजे. रोगी राज्याचा कायम रहिवासी पाहिजे. तेलात टी.एच.सी. अर्ध्या टक्क्याच्या वर नको. आणि रोग्यांची नोंदवही कोणाकडे? आरोग्य खात्याकडे नव्हे, राज्याचे पोलीस ज्याच्या हाताखाली आहेत त्या सार्वजनिक सुरक्षा खात्याकडे! औषध घेणारा आजारी की आरोपी, हे ठरवायचे राहूनच गेले असावे.

२०१९ साली दुसऱ्या डॉक्टरची अट गेली. स्वमग्न मुले आणि शेवटच्या टप्प्यातला कॅन्सर यादीत आला. २०२१ साली सगळाच कॅन्सर आला आणि मर्यादा एक टक्का झाली. जुनाट दुखण्याने तळमळणाऱ्याचा नंबर लागला २०२५ साली. तिथले विधिमंडळ नियमाने दोन वर्षांतून एकदाच भरते. म्हणजे आपला रोग यादीत नसेल तर पुढच्या अधिवेशनापर्यंत थांबा. कोणाच्या दुखण्याला औषध लागू पडेल हे नाडी धरणाऱ्याने ठरवायचे की हात वर करून मत देणाऱ्याने?

तेल करण्याचे परवाने आरंभी तीन. महाराष्ट्राच्या दुपटीहून मोठ्या राज्याला तीन! एका परवान्याची फी होती दोन वर्षांना ४ लाख ८८ हजार डॉलरच्या घरात. त्या फीत लबकचा कोणता कापूसवाला उतरणार? २०२५ च्या कायद्याने ही संख्या पंधरापर्यंत वाढवायची ठरली, तीही दहा वर्षांनी.

दुसरे कापसाचे राज्य जॉर्जिया. तिथली तऱ्हा आणखी न्यारी. २०१५ साली त्यांनी ठराविक आठ आजारांच्या रोग्यांना कार्ड दिले. हे तेल घरात ठेवा, पोलीस धरणार नाहीत. विकत कुठून घ्यायचे? राज्यात करायला बंदी. परराज्यातून आणावे तर सीमा ओलांडताच केंद्राच्या कायद्याने गुन्हा. राज्यातले पहिले दुकान उघडले २०२३ साली. आठ वर्षे खिशात कार्ड आणि हातात काही नाही. एकाधिकार खरेदीच्या काळात यवतमाळचा कापूस आदिलाबादला नेताना ज्यांच्या गाड्या अडवल्या गेल्या, त्यांना ही गोष्ट फोड करून सांगावी लागणार नाही.

कोणी म्हणेल, चला, कापसाच्या ओळीत चार झाडे लावू, औषध तर आहे. भावांनो, असले धाडस करू नका. आपल्याकडे १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याने विनापरवाना गांजा लावणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे. ‘तेलाने कॅन्सर जातो’ म्हणून बाटली विकणाराही गावात येईल. त्याच्या नादी लागून चालू औषध बंद करू नका.

पण हाच १९८५ चा कायदा आपल्या घरातही रोग्याच्या आड आला आहे. मध्य प्रदेश, राजस्थानचा शेतकरी सरकारी परवान्यावर अफू पिकवतो. त्या अफूपासून मॉर्फीन होते. कॅन्सरच्या शेवटच्या वेदनेला त्याच्या तोडीचे स्वस्त औषध नाही. या कायद्याने एका गोळीसाठी चार-चार परवाने मागितले, आणि बारा-तेरा वर्षांत देशातला मॉर्फीनचा वापर ९७ टक्क्यांनी खाली आला. नशेबाज त्याने थांबले नाहीत. थांबली ती दवाखान्यातली गोळी. २०१४ साली संसदेने दुरुस्ती केली. आता मान्यताप्राप्त दवाखान्याला राज्याच्या औषध नियंत्रकाची एक मान्यता पुरते.

कायदा सुधारून इतकी वर्षे झाली. तरी आपल्या तालुक्यातला रोगी अजून नागपूर-मुंबईच्या वाऱ्या करतो का, हे कोणी विचारले आहे? प्रत्येक जिल्हा बैठकीने सिव्हिल सर्जनना लेखी पत्र द्यावे: जिल्ह्यात मॉर्फीन ठेवायची मान्यता कोणत्या दवाखान्याला आहे, आज तिथे गोळ्या शिल्लक आहेत का, आणि लिहून द्यायला शिकलेला डॉक्टर कोण? आलेली उत्तरे, आणि न आलेलीही, पुढच्या बैठकीत वाचून दाखवावीत.