आधी तपासणी, मग ताबा

नवी मुंबईत नव्या घराची खरी परीक्षा पहिला पावसाळा घेतो. बाथरूमच्या भिंतीला ओल धरते, खिडकीच्या चौकटीतून पाणी झिरपते, छताचे पोपडे निघू लागतात. तोवर घराचे सगळे पैसे चुकते झालेले असतात, कर्जाचे हप्ते सुरू असतात आणि बिल्डरची माणसे पुढच्या प्रकल्पावर गेलेली असतात. दोष शोधायचा, तो सिद्ध करायचा आणि दुरुस्तीसाठी खेटे घालायचे, ही तिन्ही कामे घर घेणाऱ्याच्याच गळ्यात पडतात. हा अन्याय थांबवायचा, तर ताबा देण्याआधी त्रयस्थ यंत्रणेकडून इमारतीची तपासणी झालीच पाहिजे.

कायदा दुबळा आहे असे कोणी म्हणू नये. २०१६ च्या रेरा कायद्याच्या कलम १४(३) नुसार ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत इमारतीच्या रचनेतील, कारागिरीतील, दर्जातील किंवा सोयीसुविधांतील दोष दाखवून दिला, तर विकासकाने तो ३० दिवसांत स्वखर्चाने दुरुस्त करायचा असतो. त्याने टाळाटाळ केली तर भरपाई मागता येते. कायद्यातील ‘प्रवर्तक’ म्हणजे विकासक, आणि त्या व्याख्येत सार्वजनिक विकास संस्थाही येतात. म्हणजे सिडकोच्या घरांनाही हीच जबाबदारी लागू होते. महारेरा या राज्याच्या नियामक यंत्रणेकडे तक्रार करता येते, तिच्या सलोखा मंचाचा मार्ग खुला आहे. ग्राहक आयोगाचे दारही बंद नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये इम्पिरिया स्ट्रक्चर्स प्रकरणात स्पष्ट केले. मात्र ग्राहक आयोगात दोन वर्षांची मुदत असते, तिचे भान ठेवायला हवे.

हा हक्क वापरायचा तर कागद भक्कम हवेत. साइटवरच्या व्यवस्थापकाच्या तोंडी आश्वासनावर एकही पावसाळा घालवू नये. तक्रार लेखी द्यावी, तारखेसह छायाचित्रे ठेवावीत आणि पोच घ्यावी. गच्ची, बाह्य भिंती, पाण्याची टाकी यांसारख्या सामाईक भागांसाठी सोसायटीने ठराव करून स्वतंत्र स्ट्रक्चरल इंजिनीअरचा अहवाल घ्यावा. नव्या लाद्या बसवण्याची किंवा भिंत हलवण्याची घाई करू नये, कारण ‘दोष तुमच्या तोडफोडीमुळे आला’ हे बिल्डरचे ठरलेले उत्तर असते.

एवढे करूनही रहिवासी अनेकदा हरतो. ओल वॉटरप्रूफिंगच्या चुकीमुळे आली की वापरामुळे, या वादात ३० दिवस कधीच उलटून जातात. इंजिनीअरची फी त्याच्या खिशातून जाते. शिवाय सगळे दोष पाच वर्षांत दिसत नाहीत. काँक्रीटवर किमान सात दिवस पाणी मारले पाहिजे, सळईवर काँक्रीटचे पुरेसे आवरण राहिले पाहिजे, हे भारतीय मानक सांगते. यात केलेली कसूर प्लास्टरखाली दडते आणि खाडीकाठच्या खाऱ्या, दमट हवेत सळई आतून गंजत जाते. वाशीतील सिडकोने बांधलेल्या जेएन-१ आणि जेएन-२ इमारतींचे रहिवासी वर्षानुवर्षे कोसळणाऱ्या प्लास्टरखाली राहिले. अखेर २०१५ मध्ये अशा इमारतींच्या पुनर्विकासासाठी अडीच चटईक्षेत्र निर्देशांक द्यावा लागला. गुरुग्रामच्या चिंटल्स पॅराडिसो संकुलात फेब्रुवारी २०२२ मध्ये छत कोसळून दोन महिलांचा जीव गेला. आयआयटी दिल्लीच्या तपासणीत काँक्रीटमध्ये सळई गंजवणारे क्लोराइड आढळले. इमारत उभी राहत असतानाच जे तपासायचे, ते माणसे गेल्यावर तपासले गेले.

आज बांधकामाच्या दर्जाचा दाखला देणारा इंजिनीअर विकासकानेच नेमलेला असतो. म्हणून भोगवटा प्रमाणपत्राआधी विकासकाशी संबंध नसलेल्या संस्थेचा अहवाल सक्तीचा करावा. सिडनीच्या ओपल टॉवर या निवासी इमारतीला डिसेंबर २०१८ मध्ये तडे गेले. त्यानंतर न्यू साउथ वेल्सने २०२० मध्ये कायदा करून, गंभीर दोष असलेल्या इमारतीचे भोगवटा प्रमाणपत्र रोखण्याचा अधिकार नियामकाला दिला. दुसरी गरज पैशाच्या हमीची आहे. सरकारी कामांत ठेकेदाराची सुरक्षा ठेव दोषदायित्वाचा काळ संपेपर्यंत सरकार स्वतःकडे राखून ठेवते. जे संरक्षण सरकार स्वतःला देते, ते आयुष्याची पुंजी ओतणाऱ्या नागरिकाला का नाकारावे? प्रत्येक प्रकल्पातील ठरावीक रक्कम पाच वर्षे वेगळ्या खात्यात ठेवावी आणि विकासकाने मुदतीत दुरुस्ती केली नाही, तर सोसायटीला त्या रकमेतून काम करून घेता यावे.

यामुळे घरे महागतील, असे विकासक म्हणतील. खर्च आजही होतोच. फरक इतकाच की परांची बांधून भिंती दुरुस्त करण्याचे बिल सोसायटीच्या सभासदांच्या नावाने फाटते. चांगले काम करणाऱ्या विकासकाला ती ठेव पाच वर्षांनी परत मिळेल, त्याला भिण्याचे कारण नाही.

सुरुवात सिडकोने करावी. वाशी, खारघर, तळोजा, कळंबोली आणि अन्यत्र २६,००० घरांची योजना तिने ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर केली. या प्रत्येक इमारतीचा त्रयस्थ तपासणी अहवाल ताब्याआधी जाहीर करावा आणि दुरुस्तीची ठेव वेगळी काढून ठेवावी. सरकारी संस्थेने स्वतःवर घातलेले बंधन राज्य सरकारला मग प्रत्येक खासगी विकासकावरही घालता येईल, आणि ते घालण्याची टाळाटाळ करायला सरकारकडे सबब उरणार नाही.