दीर्घिकांचा उपयोग काय?

वीरच्या फलाटावर गाडीची वाट पाहत असतां एका सुशिक्षित गृहस्थांनीं आमच्यापुढें आपलें गाऱ्हाणें मांडलें. कन्या पदार्थविज्ञानाची एम्. एस्सी.; आतां म्हणते, पुण्यास राहून दीर्घिकांच्या उत्पत्तीवर संशोधन करीन. "मुंबईस चांगली नोकरी मिळत असतां हिनें पांच-सहा वर्षें आकाश कां मोजावें? उपयोग काय त्याचा?" हा प्रश्न एकट्या त्यांचा असता तर आम्ही लेखणी उचलली नसती. तो आमच्या साऱ्या पांढरपेशा वर्गाचा आहे, म्हणून हा प्रपंच.

मौज अशी कीं, २०२५ च्या अखेरीस 'अलकनंदे'ची वार्ता वाचून हेच गृहस्थ हरखले होते. पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रांतील संशोधक विद्यार्थिनी राशी जैन व तिचे मार्गदर्शक योगेश वाडदेकर ह्यांनीं जेम्स वेब दुर्बिणीच्या प्रतिमांतून ही सर्पिल दीर्घिका हुडकली. (मंदाकिनी हें आकाशगंगेचें एक नांव, तिच्या भगिनीचें नांव हिला दिलें, हें आम्हांस फार आवडलें.) तिचा आज आपणांस दिसणारा प्रकाश निघाला तेव्हां विश्वाचें वय अवघें १५० कोटि वर्षें होतें, आज तें सुमारें १,३८० कोटि आहे. इतक्या बाल्यावस्थेंत दीर्घिका ओबडधोबड व विस्कटलेल्या असाव्यात, तबकडी स्थिरावून तींत भुजा उमटण्यास पुष्कळच अधिक काळ लागावा, अशी समजूत होती. आणि ही तर दोन सुरेख भुजा पसरून बसलेली! वायु इतक्या लौकर कसा स्थिरावला, ह्याचें उत्तर आतां सिद्धांतकारांस द्यावें लागेल.

असा शोध एका रात्रींत लागत नाहीं. हजारों अंधुक ठिपक्यांचा उजेड निरनिराळ्या रंगगाळण्यांतून मोजावयाचा, तो तांबड्याकडे किती सरकला ह्यावरून अंतर ठरवावयाचें, आणि बहुतेक ठिपक्यांतून विशेष कांहींच निष्पन्न होत नाहीं हें सोसावयाचें. आमचे गृहस्थ ज्यांस वाया गेलेलीं म्हणतात तीं हींच वर्षें. दुसऱ्याच्या मुलीची अलकनंदा आम्हांस हवी. आपल्या मुलीचीं पांच वर्षें मात्र द्यावयास नकोत!

कित्येक विज्ञानप्रचारक अशा वेळीं खगोलशास्त्रामुळें लागलेल्या यंत्रांची यादी वाचून दाखवितात. तें उत्तरहि आम्हांस पसंत नाहीं. त्यांत प्रश्नकर्त्याचा तराजू मुकाट्यानें मान्य केलेला असतो. दापोलीजवळील मुरूडचे शंकर बाळकृष्ण दीक्षित ह्यांनीं शिक्षकाची नोकरी सांभाळून 'भारतीय ज्योतिषशास्त्र' लिहिलें. १८९६ सालीं तें प्रसिद्ध झालें. त्यानें कोणता कारखाना चालला? आणि तरी त्यावांचून मराठी भाषा दरिद्रीच राहिली असती.

त्यांचें एक म्हणणें मात्र खरें: पदवीनंतर कायमची जागा दुर्मिळ. पण ही फिर्याद सरकारच्या व विद्यापीठांच्या दारीं न्यावयाची, कीं मुलीच्या?

१९९३ सालीं रोह्याहून निघालेला रूळ ह्याच वीरपर्यंत आला. पुढचे डोंगर फोडून सारा मार्ग मोकळा होण्यास १९९८ उजाडलें. मधल्या वर्षांत तो कोणी निरुपयोगी म्हणून उखडला नाहीं. हें आम्ही बोललों तेव्हां गृहस्थ हंसले. पटलें कीं नाहीं, कळलें नाहीं. गाडी दिसूं लागली तसे ते पिशवी उचलीत म्हणाले, "पुण्यास मुलींच्या राहण्याची सोय कशी काय आहे हो?"