एका फ्रेटचा फरक

ए, सी, डी, ई, जी. ए मायनर पेंटाटॉनिक! (‘ए’ला सा धरा, धानीचेच सूर.) ऑफिसनंतर गिटार काढणारे आपण बहुतेक जण सोलो म्हणून हेच वरखाली करतो. मीही तीन वर्षं केलं. मग एकदा आमचा बेसिस्ट वैतागला, ‘अरे, मागे कॉर्ड बदलतेय, ऐकतोयस का?’

लागलं मनाला. पण खरं होतं.

‘ए’मधला साधा बारा बारचा ब्लूज घ्या. ए सेव्हन चालू असताना तिसऱ्या तारेवर पाचव्या फ्रेटचा सी किंचित ताणून सी शार्पकडे न्यायचा. तो त्या कॉर्डचा शुद्ध गंधार. पाचव्या बारला डी सेव्हन आली, की मुकाट सीवर परत. कारण तिथे सी शार्प खटकतो आणि सी मात्र कॉर्डमधलाच असतो. बस, एवढंच!

परवाच्या प्रॅक्टिसला पाचव्या बारला बेसिस्टनं मान वर केली. बोलला काही नाही.