आईची टीईटी

मास्तरकी म्हणजे आरामाची नोकरी, मे महिना सुट्टी, दिवाळी सुट्टी आणि एक तारखेला पगार. हे वाक्य मी आपल्या मेसमध्ये इतक्या वेळा ऐकलंय की वाद घालायचाही कंटाळा येतो. पण 1 सप्टेंबर 2025 ला सुप्रीम कोर्टाचा निकाल आला, त्यावरची चर्चा ऐकली आणि ठरवलं, एकदा लिहूनच टाकू.

निकाल थोडक्यात असा. पहिली ते आठवीला शिकवणाऱ्या, आधीपासून नोकरीत असलेल्या शिक्षकांनीही दोन वर्षांत शिक्षक पात्रता परीक्षा म्हणजे टीईटी पास व्हायची, नाहीतर सक्तीची निवृत्ती. ज्यांच्या निवृत्तीला पाच वर्षांहून कमी काळ उरलाय त्यांना सूट, पण बढती हवी असेल तर त्यांनाही परीक्षा चुकली नाही.

माझे आई-पप्पा दोघंही मुंबईत पालिकेच्या शाळेत शिकवतात. पप्पा 2029 ला रिटायर होणार म्हणून ते सुटले. आईला अजून बरीच वर्षं आहेत म्हणून ती अडकली. डी.एड. दोघांचं सारखंच!

आम्ही मूळचे माण तालुक्यातले. आमच्याकडे पाऊस नाही, त्यामुळे शिक्षण हेच पीक. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 मध्ये कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था सुरू केली, तेव्हापासून सातारा-सांगलीकडच्या किती घरांनी हे पीक घेतलं याची गणती नाही. हुशार पण गरीब पोराला आमच्याकडे दोनच वाटा सांगायचे, मिलिटरी नाहीतर डी.एड. आईने दुसरी धरली. ती 2004 ला लागली ती शिक्षणसेवक म्हणून. 2000 साली सुरू झालेल्या त्या योजनेत प्राथमिकच्या शिक्षणसेवकाला महिना 3000 रुपये मानधन होतं, तेही तीन वर्षं. मुंबईत 3000 रुपयांत काय होतं हे ज्याने तिथे खोली भाड्याने घेतलीय त्यालाच विचारा.

आता परीक्षेबद्दल. टीईटी अवघड आहे का? दीडशे प्रश्न, अडीच तास, निगेटिव्ह मार्किंग नाही, खुल्या गटाला 90 मार्क लागतात. आपल्यातला एक जण म्हणाला, "आपण एम-थ्रीची बॅक काढतो, त्यांना हे जमत नाही?" प्रश्न बिनतोड वाटतो. पण आपल्याला बॅक काढायला पीएल मिळते राव! आईला काय मिळतं?

जूनमध्ये ती वस्तीत फिरून पोरं गोळा करते. पट घसरला की संचमान्यतेत शिक्षक अतिरिक्त ठरतो आणि मग समायोजन, म्हणजे मुंबईच्या कुठल्या टोकाला जावं लागेल याचा नेम नाही. तिच्या वर्गातली निम्मी पोरं बांधकामावरच्या मजुरांची. घरी कोणी वडारी बोलतं, कोणी गोरमाटी, आणि इमारत पूर्ण झाली की अख्खं कुटुंब पुढच्या साइटवर. सहामाहीत शिकवलेलं पोर वार्षिकला समोर असेलच असं नाही. 2020 मध्ये कोरोनात मुंबईतले शिक्षक सर्व्हे आणि रेशनवाटपाच्या ड्युटीला होते. 2024 मध्ये लोकसभा आणि विधानसभा अशा दोन निवडणुका एकाच वर्षात झाल्या. शिक्षणहक्क कायद्याच्या 27 व्या कलमात जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून बाकीची अशैक्षणिक कामं शिक्षकाला देऊ नयेत असं लिहिलंय. पण या तीन अपवादांतच केवढं वर्ष जातं!

शिक्षकाची पात्रता तपासू नये असं मी अजिबात म्हणत नाही. वर्षानुवर्षं एक नवं पुस्तक न उघडलेले शिक्षक मीही पाहिलेत, आपणा सर्वांना त्यांनी शिकवलंय. पण तपासायचंच तर वर्गात येऊन तपासा. वीस वर्षं लहान पोरं सांभाळणाऱ्या बाईने पियाजे चार पर्यायांतून ओळखला की ती पात्र आणि नाही ओळखला की अपात्र, हे मला पटत नाही. आणि ही परीक्षा तरी एवढी पवित्र आहे का? 2019-20 च्या टीईटीत गैरप्रकार करून पास झालेले सात हजारांहून जास्त उमेदवार नंतर अपात्र ठरवावे लागले. नोकरीत येताना ही चाळणी जरूर लावा, 2010 मध्ये ती त्यासाठीच आणली होती. जे त्याआधी त्या वेळच्या नियमांनी लागले त्यांना निदान पगारी अभ्यासरजा तरी द्या. एवढं मागणं जास्त नाही.

आई मात्र यातलं काही बोलत नाही. रात्री भांडी झाली की फोन करते, "गणिताचं एक सांग रे." काळ-काम-वेग तिला येतं, कारण ते ती शिकवते. वेळ लावून सोडवायची सवय गेलीय. पप्पा शेजारी बसून घड्याळ लावतात, सूट मिळालेल्या माणसाच्या उत्साहाने!

आपल्या होस्टेलवर शिक्षकांची मुलं खूप आहेत. ज्यांच्या घरी ही परीक्षा आहे त्यांनी मला भेटावं. आईसाठी काढलेल्या गणिताच्या नोट्स आहेत, मराठीतून, सोडवलेल्या उदाहरणांसह. झेरॉक्सचे पैसे तेवढे द्या.