फोन तुमचा, अ‍ॅप्स कुणाची?

नवा फोन घेताना आपण काय बघतो? कॅमेरा, रॅम, बॅटरी आणि ईएमआय. पण फोन सुरू केला की न बोलावलेले पाहुणे आधीच ठाण मांडून बसलेले! दोन ब्राउझर, तीन गेम्स, एक शॉपिंगचं अ‍ॅप. ही अ‍ॅप्स फोनमध्ये टाकण्यासाठी अनेकदा पैसे मोजलेले असतात. त्यामुळे फोन स्वस्त पडतो खरा, पण उरलेली किंमत तुम्ही स्टोरेज आणि नोटिफिकेशन्समधून फेडत राहता.

हे रडगाणं नाही बरं का. ऑक्टोबर 2022 मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने गुगलला 1,337.76 कोटी रुपयांचा दंड ठोठावला. फोन कंपन्यांवर होणारी अ‍ॅप्सची सक्ती हा त्यातला एक मुद्दा होता.

तेव्हा दुकानातल्या डेमो फोनवर सेल्फी काढण्याआधी सेटिंग्ज उघडा, सिस्टिमच किती जागा खाते ते बघा. घरी आल्यावर ‘नेक्स्ट, नेक्स्ट’ दाबत सुटू नका. आधीच केलेल्या टिका काढा. नको ते अ‍ॅप अनइन्स्टॉल करा, होत नसेल तर डिसेबल. जागा फारशी सुटणार नाही, पण त्याची लुडबुड थांबेल.

हप्ते तुम्ही भरणार, मग घरात कोण राहणार हेही तुम्हीच ठरवा ना!