मीटरच्या पुढची नळी कोणाची?



पाइपातून येणारा गॅस ही बडोद्याला नवलाईची गोष्ट नाही. येथील महानगरपालिकेने 1972 सालीच घरोघर पाइपगॅस देण्यास सुरुवात केली. पुढे 2013 साली महानगरपालिका आणि गेल गॅस यांची संयुक्त कंपनी स्थापन झाली. इतर गावांतले आपले नातेवाईक सिलिंडरचा नंबर लागण्याची वाट पाहत होते, तेव्हा आपल्या आया-आत्या नुसती चावी फिरवून शेगडी पेटवत होत्या. याचा आम्हांला अभिमान आहे. पण ज्या गोष्टीने पन्नास वर्षे त्रास दिला नाही, तिच्याकडे पुढे कोणी बघतही नाही. नेमके तेच आता घडते आहे.

आम्ही राहतो ती इमारत जुना वाडा पाडून, भावाभावांच्या वाटण्या झाल्यावर उभी राहिलेली. गेल्या पावसाळ्यात दुसऱ्या मजल्यावर तीन दिवस गॅसचा वास येत होता. कोणी म्हणाले गटाराचा असेल, कोणी म्हणाले उंदीर मेला असेल. चौथ्या दिवशी तातडीच्या नंबरावर फोन केला. माणूस लवकर आला, साबणाचे पाणी लावून पाहिले आणि नव्या कपाटाची पाठ काढायला सांगितली. मागे काय निघाले? ओटा गॅलरीकडे सरकवताना पाण्याच्या नळाचे काम करणाऱ्या प्लंबरने जोडलेला रबरी पाइप, भिंतीच्या भोकातून आरपार नेलेला, आणि जोडाला पाण्याच्या नळाची पांढरी टेप! हे काम करून घेणारे कोणी परके नव्हते, आमचेच काका होते. दोन वर्षे त्या कपाटात तांदळाचे डबे होते.

यानंतर आम्ही ओळखीच्या एका बांधकाम निरीक्षकांना विचारले, की इमारत तपासताना आपण गॅसची लाइन पाहता का? ते सरळ म्हणाले, "आम्ही मार्जिन, उंची, पार्किंग बघतो. गॅस गॅसवाल्यांचा." गॅसवाले म्हणतात, फेरफार आमच्याच माणसाकडून करून घ्या, असे आम्ही ग्राहकाला सांगितलेले असते. ग्राहक म्हणतो, घर माझे, ओटा माझा. म्हणजे मीटरच्या पुढच्या दहा-पंधरा फुटांचा मालक प्रत्येक जण आहे आणि जबाबदार कोणीच नाही. आम्ही बँकेत बसणारी माणसे. ज्या खात्याला जबाबदार अधिकारी नाही त्या खात्यात घोटाळा होतोच, हे आम्हांला कोणी शिकवायला नको.

नियम नाहीत असे कोणी म्हणू नये. शहरी गॅस वितरणासाठी 2006 चा पेट्रोलियम व नैसर्गिक वायू नियामक मंडळाचा कायदा आहे, त्याखाली सुरक्षेची मानके आहेत. राष्ट्रीय इमारत संहिता 2016 मध्ये गॅस पुरवठ्याचे स्वतंत्र प्रकरण आहे. कागद भरपूर आहे. पण कपाटाची पाठ काढून बघणारा माणूस कुठे आहे?

आपल्या राज्यात तपासणी होते, पण माणसे मेल्यावर! 2019 मध्ये सुरतच्या तक्षशिला इमारतीत 22 विद्यार्थी गेले. जानेवारी 2024 मध्ये आपल्याच हरणी तलावात 12 मुले आणि 2 शिक्षिका बुडाल्या. मे 2024 मध्ये राजकोटचे गेम झोन जळाले. जुलै 2025 मध्ये पादऱ्याजवळचा गंभीरा पूल कोसळला. प्रत्येक वेळी तेच. आठ दिवस धावपळ, सीले, नोटिसा, निलंबने. मग पुन्हा सामसूम. गॅसच्या नळीसाठीही आपण अशाच एखाद्या तारखेची वाट पाहायची का?

लंडनच्या रोनन पॉइंट इमारतीत 16 मे 1968 रोजी अठराव्या मजल्यावर एका बाईने शेगडी पेटवली आणि इमारतीचा अख्खा कोपरा खाली आला. चार माणसे गेली. चौकशीत काय निघाले? शेगडीच्या जोडाचा एक निकृष्ट पितळी नट. त्या देशाने त्यानंतर इमारतींचे नियम बदलले. आज तेथे भाड्याच्या घरातील गॅसची दर वर्षी तपासणी करून भाडेकरूला तिची प्रत द्यावी लागते. आपल्याकडे वाड्याच्या खोल्या भाड्याने देताना आपण डिपॉझिट मोजून घेतो, नळी कोण बघतो?

काही सभासद म्हणतील, आणखी एक तपासणी म्हणजे आणखी एक पाकीट. ही भीती खोटी नाही. पण त्यावर उपाय तपासणी टाळणे हा नव्हे, ती आकड्यात बांधणे हा आहे. लाइन बंद करून गेज लावायचे, काटा ठरलेल्या वेळेपर्यंत टिकतो की उतरतो ते लिहायचे, तारीख आणि सही करून कागद जिन्यात लावायचा. सगळ्या इमारतीने काटा पाहिला, की साहेबाला 'चालवून घ्या' म्हणणे कठीण जाते.

म्हणून आमच्या मागण्या तीन. वापर परवानगी, जिला आपण बी. यू. म्हणतो, ती देताना प्रत्येक फ्लॅटच्या गॅस लाइनचा चाचणी दाखला सक्तीचा करावा. घरकर्जाच्या फायलीत टायटल आणि नकाशाबरोबर तो दाखला बँकांनी मागावा. हे आम्ही आमच्याच धंद्याला सांगतो आहोत. आणि जुन्या इमारतींची वॉर्डवार तपासणी बांधकाम निरीक्षक व गॅसचा तंत्रज्ञ यांनी एकत्र येऊन करावी, म्हणजे एकाला दुसऱ्याकडे बोट दाखवता येणार नाही. मत मागायला येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला, तो कोणत्याही पक्षाचा असो, हे तीन प्रश्न विचारा.

तोवर आपले घर आपण पाहू. सिलिंडरचा गॅस जड, तो जमिनीलगत साठतो. पाइपचा गॅस हलका, तो छताशी जातो. तेव्हा वरची जाळी पडद्याने वा फळीने बुजवू नका. नळी कपाटात झाकू नका. रबरी पाइप मुदतीत बदला. वास आला तर काडी ओढू नका, दिव्याचे बटण दाबू नका. चावी बंद करा, खिडक्या उघडा, बाहेर येऊन फोन करा.

मंडळाच्या कार्यालयात एक वही ठेवली आहे. ज्यांच्या घरी ओटा हलवला आहे, त्यांनी संकोच न करता नाव लिहावे. अधिकृत तंत्रज्ञाला बोलावण्याचा एकत्रित अर्ज आम्ही करू. पहिले नाव आमच्या काकांनी स्वतः लिहिले आहे.