मेमरी कार्डावरील आकडा

व्हिडिओ खेळात महिनाभर मिळविलेली प्रगती नखाएवढ्या चिपेवर विसंबून असते. इ. स. २००० मध्ये निघालेल्या 'प्लेस्टेशन २' या यंत्रासाठी सोनी कंपनीचे कार्ड ८ मेगाबाइटचे होते. इतर कारखानदारांनी १६, ३२, ६४ मेगाबाइटची कार्डे विकावयास काढली. २०१३ साली त्या यंत्राचे उत्पादन थांबले. जुनी यंत्रे मात्र अद्याप काही घरांत आहेत.

कार्ड दुसऱ्या कारखान्याचे म्हणून वाईट, असे आम्ही म्हणत नाही. पुष्कळ कार्डे इमानाने काम देतात. दोष आहे तो खोट्या आकड्याचा. हल्लीच्या मायक्रोएसडी कार्डांतही काही बनावट कार्डे यंत्रास फुगविलेली क्षमता कळवितात. खरी जागा भरली की पुढील लेखन नाहीसे होते, अथवा जुन्यावर चढते.

आमच्या शहराजवळील दौलताबादला राजधानी नेणाऱ्या महंमद तुघलकाने इ. स. १३३० च्या सुमारास तांब्या-पितळेच्या नाण्यांस चांदीच्या टंक्याचे मोल दिले. ठिकठिकाणी खोटी नाणी पाडली गेली आणि अखेर ते चलन मागे घ्यावे लागले. नुसत्या शिक्क्याने मोल येत नाही, हे कार्डासही लागू आहे.

सबब पालकांनी स्वस्ताईपेक्षा पावती व बदलून देण्याची हमी पाहावी. विद्यार्थ्यांनी नवे कार्ड प्रथम पूर्ण भरून, त्यातील सर्व काही पुन्हा उघडून पाहावे. मोलाचे ते दोन ठिकाणी ठेवावे. खेळ पुन्हा खेळता येतो. परंतु अशाच कार्डावर ठेवलेले आजीचे छायाचित्र पुन्हा काढता येईलच असे नाही.